१९४९ च्या आधीचा कागद शोधताना: गाव कोणाच्या अंमलात होतं ते आधी ठरवा

पलूस तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलं आहे: "पणजोबांची जमीन इनामाची होती असं घरात सांगतात. आजोबा बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात होते. सांगलीला गेलो तर १९४९ च्या आधीचं आमच्याकडे नाही म्हणाले. साताऱ्याला गेलो तर तुमचं गाव आमच्या यादीत नाही म्हणाले. गावात विचारलं तर चावडी जाळली तेव्हा सगळं गेलं, असं सांगतात. इंग्रजांच्या काळातले कागद खरंच उरले नाहीत का? उरले असतील तर कुठे मिळतील?"

कागद बहुतेक उरलेले आहेत. तुम्हाला मिळालेली तिन्ही उत्तरं त्या त्या माणसापुरती खरीही असतील, पण तुमचं गाव तेव्हा कोणाच्या अंमलात होतं, हे कोणी विचारलं नाही. माझ्या नोकरीची बरीच वर्षं महसूल खात्याच्या अभिलेख कक्षात गेली आणि आता मी लोकांना मोडी कागद वाचून देतो. माणसं हेलपाटे घालून दमतात ती नेमकी या एका प्रश्नापाशी. आपण आजचा जिल्हा, आजचा तालुका मनात धरून निघतो. कागद मात्र ज्या सरकारने सारा वसूल केला त्याच्या दप्तरात तयार झालेला असतो, आणि पुढे त्या दप्तराचा वारस कोण झाला त्यावर तो आज कुठे आहे हे ठरतं.

सांगली नावाचा जिल्हा इंग्रजी राज्यात नव्हताच. १ ऑगस्ट १९४९ ला जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले. तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा हा साताऱ्याचा दक्षिणेकडचा मुलूख आणि विलीन झालेल्या संस्थानांची गावं मिळून दक्षिण सातारा झाला. १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. १८८५ साली छापलेलं सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर उघडलंत तर जिल्ह्यात अकरा तालुके दिसतील: वाई, जावळी, सातारा, कोरेगाव, खटाव, माण, कराड, पाटण, खानापूर, वाळवा आणि तासगाव. फलटण त्यात नाही, कारण ते निंबाळकरांचं संस्थान. जत नाही, ते डफळ्यांचं. औंध आणि आटपाडी नाहीत, ते पंतप्रतिनिधींचे. मिरज, सांगली, बुधगाव हे पटवर्धनांचं.

पटवर्धनांचा मुलूख तर एका जागी नव्हताच. चिंतामणराव आप्पासाहेब चुलत्यांशी वाटणी होऊन १८०१ साली मिरजेतून बाहेर पडले आणि त्यांनी सांगलीला गादी आणली. पुढे सांगली संस्थानाचे सहा तालुके होते: मिरज प्रांत, कुची, मंगळवेढा, तेरदाळ, शहापूर आणि शिरहट्टी. यातली कुची आज कवठेमहांकाळ तालुक्यात आहे, मंगळवेढा सोलापूर जिल्ह्यात, तेरदाळ बागलकोटमध्ये, शहापूर बेळगावात आणि शिरहट्टी गदगमध्ये. म्हणजे एकाच राजाच्या कचेरीत एकाच पद्धतीने लिहिलेलं दप्तर आज दोन राज्यांत आणि पाच जिल्ह्यांत विखुरलं आहे. मंगळवेढ्याकडचे लोक "आम्ही सांगली संस्थानातले" म्हणून सांगलीला येतात, तेव्हा मी त्यांना आधी सोलापूरला पाठवतो. मार्च १९४८ मध्ये संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली, तेव्हा जमिनीचे आणि साऱ्याचे चालू कागद ज्या जिल्ह्यात गाव गेलं त्या जिल्ह्याकडे गेले.

संस्थानावर इंग्रजांची देखरेख असे, पण तीसुद्धा एका कचेरीतून नव्हे. औंध आणि फलटणचा पोलिटिकल एजंट म्हणजे साताऱ्याचा कलेक्टर. जतचा विजापूरचा कलेक्टर. सांगली, मिरज, कुरुंदवाड यांच्यावर कोल्हापूरहून नजर. १९३३ साली डेक्कन स्टेट्स एजन्सी झाली आणि ही सगळी संस्थानं कोल्हापूरच्या रेसिडेंटाखाली आली. या पत्रव्यवहाराचा एक भाग दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि मुंबई सरकारच्या पोलिटिकल डिपार्टमेंटचा भाग मुंबईत. जमिनीच्या शोधात तुम्हाला इथवर जावं लागणार नाही. राजा आणि रयत यांच्यातला तंटा, दत्तक, सरंजाम, प्रजा परिषदेची आंदोलनं असं काही शोधत असाल तरच तिकडे वळा.

तुमच्या गावाचं बोलायचं तर पलूस हा अलीकडचा तालुका. त्यातली बरीच गावं जुन्या तासगाव तालुक्यातली, म्हणजे खालसा, थेट इंग्रजी अंमलातली. पण कुंडल औंधकरांचं. दोन गावांचे बांध एकमेकांना लागलेले आणि दोघांचे मामलेदार वेगळे, शिक्के वेगळे, कोर्ट वेगळं, असा हा मुलूख होता. तुमचं गाव यातलं कोणतं हे ओळखायला घरातली ट्रंक पुरते. जुनं खरेदीखत किंवा गहाणखत असेल तर वरचा स्टॅम्प पाहा. खालसातल्या गावाच्या कागदावर इंग्लंडच्या राणीचा किंवा राजाचा मुखवटा असतो. संस्थानांचे स्टॅम्प स्वतःचे असत आणि त्यांवर संस्थानाचं नाव छापलेलं असे. खत नसेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून गावचा जुना नकाशा मागवा. त्याच्या माथ्यावर मौजे, तालुका आणि जिल्हा किंवा संस्थान लिहिलेलं असतं. एवढं नक्की झालं की निम्मं काम उरकलं.

आता खालसा गाव धरून पुढे जाऊ. इथेही एक वळण आहे. साताऱ्यात इंग्रजी अंमल १८१८ ला सुरू झाला असं आपण सहज बोलून जातो. पेशवाई १८१८ ला गेली हे खरं, पण इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवर ठेवलं, सप्टेंबर १८१९ मध्ये तह केला, आणि ग्रँट डफ इथे राहून कारभाराची घडी बसवू लागला. १८२२ साली कारभार महाराजांच्या हाती आला. १८३९ साली त्यांना पदच्युत करून काशीला पाठवलं, त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब गादीवर आले, आणि १८४८ साली ते वारल्यावर डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं. रंगो बापूजी महाराजांची बाजू मांडायला लंडनला जाऊन बसले होते, तो सगळा लढा याच अन्यायाविरुद्धचा. कागदांच्या दृष्टीने याचा अर्थ असा की १८४८ पर्यंत साताऱ्याचा सारा महाराजांच्या दप्तरात लिहिला गेला, मोडीत, जुन्या रिवाजाने. कलेक्टर कचेरीत त्या काळातलं गावचं काही मिळणार नाही. सातारकर महाराजांचं दप्तर पुण्याच्या पुरालेखागारात, पेशवे दप्तराच्याच इमारतीत, रुमालांत बांधून ठेवलेलं आहे.

१८४८ नंतर मुंबई सरकारची यंत्रणा आली आणि तिने पहिलं मोठं काम केलं ते जमीन मोजण्याचं. विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूरकडे बसवलेली पद्धत १८४७ च्या संयुक्त अहवालाने पक्की झाली होती. तीच साताऱ्यात १८५० च्या दशकापासून आली. बिघे गेले, एकर-गुंठे आले. तेहतीस फुटांची साखळी, एका साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, गुंठ्याचे सोळा आणे. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, बांधावर हद्दीचे दगड, मातीची प्रतवारी, आणि त्यावरून ठरलेला आकार, म्हणजे साऱ्याची रक्कम, तीस वर्षं कायम. या एका खटाटोपातून टिपणं, प्रतिबुक, शेतवार पत्रक, आकारबंद आणि गावचा नकाशा निर्माण झाला. पुढे दुसरी फेरमोजणी झाली, तेव्हा तेच पुन्हा. संस्थानांनीही मागाहून याच धर्तीवर मोजणी करून घेतली. हे कागद आजही तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे असतात. महसूल आणि भूमी अभिलेख ही दोन वेगळी खाती, दोन वेगळी दप्तरं. तहसीलमध्ये "नकाशा नाही" म्हणाले तर ते बरोबरच आहे.

इनामाकडे वळतो, कारण तुमचा मुख्य प्रश्न तोच आहे आणि इथे कागद सगळ्यांत समृद्ध आहेत. इंग्रजांना इनाम खटकत होतं. ज्या जमिनीचा सारा बुडतो ती कोणी, कोणाला, कशासाठी दिली याचा पुरावा ते मागत होते. दक्षिण महाराष्ट्रात १८४३ पासून ही चौकशी सुरू झाली आणि १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला पूर्ण अधिकार मिळाले. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी यांच्या घरांतली दप्तरं मागवून घेतली गेली. इनामदाराने कैफियत लिहून द्यायची, सोबत सनद किंवा इनामपत्र जोडायचं, मग कमिशनचा निवाडा. लोकांच्या मनात यामुळे किती विष साठलं ते १८५७ च्या आसपासच्या घडामोडींत दिसतं. पण त्याच चौकशीमुळे शेकडो घराण्यांच्या वंशावळी आणि मूळ सनदांच्या नकला आज पुण्यात टिकून आहेत. पुढे १८६३ च्या कायद्याने सरकारने तडजोड केली: आकाराच्या चौथाईइतकी जुडी, म्हणजे सवलतीचा सारा, आणि वर नजराणा भरत राहा, आम्ही पुन्हा चौकशी करणार नाही. ज्यांनी हे मान्य केलं त्यांना नवी सनद मिळाली. तुमच्या ट्रंकेत छापील सनद असेल आणि तिच्यावर १८६० च्या पुढचं साल असेल तर ती बहुधा या तडजोडीची.

मात्र घरात जे "इनाम" म्हणून सांगतात ते प्रत्येक वेळी इनामच असतं असं नाही. ते देवस्थान असू शकतं, पाटीलकीचं किंवा कुलकर्णी वतन, म्हणजे गावच्या कामाबद्दल मिळालेली जमीन, असू शकतं, महार वतन किंवा रामोशी वतन असू शकतं. १८७४ च्या वतन कायद्यात या वतनांच्या नोंदी झाल्या आणि स्वातंत्र्यानंतर एकेक कायदा होऊन ती रद्द झाली. देवस्थान म्हणजे वर्ग ३, गावकामगार महार-रामोशी यांची वतनं ६ब. उताऱ्यावर भोगवटा वर्ग दोन, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, असं दिसत असेल तर त्याचं मूळ बरेचदा इथे असतं. गावच्या दप्तरात यासाठी गाव नमुना ३ पाहायचा, दुमाला, म्हणजे सारा माफ किंवा कमी असलेल्या, जमिनींची नोंदवही. तिच्यात इनामाचा वर्ग, मूळ धारक आणि आकार सापडतो, आणि मग पुण्यात नेमकं काय मागायचं ते कळतं. नमुना ३ न पाहता पुण्याला गेलात तर रुमालांच्या ढिगात नुसते बसून राहाल.

हक्कनोंदणी हा इंग्रजी अमदानीतला माझ्या मते सामान्य कुळंब्याच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचा दस्तऐवज. मोजणीच्या कागदांत फक्त सारा भरणाऱ्याचं नाव असे. सावकाराकडे गहाण, भावांचे हिस्से, मुदत खरेदी हे काही दिसत नसे. १९०३ च्या कायद्याने हक्कांची नोंदवही आली आणि १९१३ साली ती जमीन महसूल कायद्यातच घेतली गेली. क, ड, ई पत्रकं ही त्या काळातली. आपण आज ज्याला फेरफार म्हणतो तेच ड पत्रक, गाव नमुना ६.

अशी एखादी जुनी नोंद हातात आली तर कशी वाचावी, ते सांगतो. डावीकडे नोंदीचा अनुक्रमांक. मधल्या रुंद रकान्यात मजकूर: अमका बिन तमका हा अमुक तारखेस मयत, वारस मुलगे तीन, पैकी थोरला सज्ञान, धाकटे दोघे अज्ञान, म्हणून थोरल्याचे नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल. त्याच्या उजवीकडे सर्व्हे नंबर, मग शेवटी तपासणी करणाऱ्या सर्कलचा किंवा अव्वल कारकुनाचा शेरा, "रुजू" किंवा "मंजूर", सही आणि तारीख. यातली ए.कु.मॅ. ही तीन अक्षरं सोडू नका. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर एवढाच त्याचा अर्थ. त्याच्या एकट्याच्या नावावर जमीन आहे असा नव्हे. पुढच्या उताऱ्यात लिहिणाऱ्याने ही अक्षरं गाळली आणि थोरल्याच्या वंशाकडे सगळी जमीन गेली, असे तंटे तासगाव-खानापूर भागात मी पुष्कळ पाहिले. तसंच अज्ञान मुलांसमोर अ.पा.क. असेल तर तो अज्ञान पालन कर्ता. इतर हक्काच्या रकान्यात "कब्जे गहाण" असेल तर सावकार शेतात उभा होता, "नजर गहाण" असेल तर जमीन मालकाकडेच होती. आणि मंजुरीचा शेरा वाचल्याशिवाय नोंद खरी धरू नका. वर्दी लिहिली गेली आणि पुढे "हरकत, रद्द" झाली, अशाही नोंदी असतात.

गहाण आणि खरेदी यांच्यासाठी आणखी एक जागा आहे ती कोणी पाहत नाही. १८७९ च्या दक्षिणी शेतकरी कायद्याने पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांत शेतकऱ्याचे रोखे गावोगावच्या रजिस्ट्रारपुढे लिहून घ्यायची सक्ती आली. सावकाराच्या जाचाने दंगे झाल्यावर हा कायदा झाला होता. त्यामुळे खालसा साताऱ्याच्या गावांत नोंदलेली खतं शेजारच्या संस्थानापेक्षा पुष्कळ जास्त मिळतात. दुय्यम निबंधक कार्यालयात जुन्या सूची पाहायला मागा. नाव आणि गाव यांवरून खताचा क्रमांक निघतो.

काही कागद का टिकले आणि काही का गेले, याचंही उत्तर नियमात आहे. जाळपोळीने जितकं गेलं त्यापेक्षा कितीतरी अधिक नियमाने नष्ट झालं. मुंबई इलाख्याच्या महसूल कचेऱ्यांत प्रकरण संपलं की ते अ, ब, क, ड यांपैकी एका वर्गात लावलं जाई. अ कायम ठेवायचं, ब तीस वर्षं, क दहा वर्षं, ड एक वर्ष. मोजणी, हक्कनोंदणी, इनाम, वतन यांचे निकाल अ वर्गात, म्हणून ते आहेत. तगाईचे (सरकारी शेतीकर्जाचे) अर्ज, किरकोळ तक्रारी, पंचनामे खालच्या वर्गांत, म्हणून ते नाहीत. पणजोबांनी १९१२ साली विहिरीसाठी तगाई घेतल्याचा अर्ज मिळणार नाही. पण तिचा बोजा जमिनीवर चढला असेल तर ड पत्रकात तो दिसेल.

चावडी जाळली हे गावकरी सांगतात त्यात तथ्य आहे. बेचाळीसनंतर या भागात चावड्यांवर हल्ले झाले, दप्तरं जाळली गेली. गांधीहत्येनंतर १९४८ च्या जाळपोळीत कुलकर्ण्यांचे वाडे जळाले आणि पिढ्यान् पिढ्या सांभाळलेली खासगी दप्तरं गेली, ते नुकसान कधी भरून निघणारं नाही. पण सरकारी कागदांपुरतं बोलायचं तर चावडीतली प्रत ही अनेक प्रतींतली एक. मोजणीचं दप्तर भूमी अभिलेखाकडे वेगळं, दुमाल्याचं पुण्यात वेगळं, आणि हक्कनोंदणीचे जुने भाग वेळोवेळी तालुक्याच्या अभिलेख कक्षात जमा होत. तेव्हा "चावडी जळाली" हे ऐकून थांबू नका, तालुक्याला लेखी अर्ज करा आणि उत्तरही लेखी मागा. तोंडी "नाही" म्हणणारा कारकून लेखी "नाही" म्हणण्याआधी एकदा मांडणीवर जाऊन पाहतो.

जन्म-मृत्यूच्या नोंदींबद्दल सध्या या दोन्ही जिल्ह्यांत फार विचारणा होते, जातीच्या दाखल्यांमुळे. जुन्या काळी गाव नमुना १४ हे जन्म-मृत्यूचं रजिस्टर होतं. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. आज नमुना १४ हा पाणीपुरवठ्याच्या साधनांचा आहे, म्हणून अर्जात नुसतं "नमुना १४" लिहू नका, "जुना नमुना १४, जन्म-मृत्यू" असं लिहा. त्यात बापाचं नाव, जात आणि मृत्यूचं कारण असतं. बाळाचं नाव मात्र बहुतेक वेळा नसतं, कारण नोंद बारशाआधीच होई: "मुलगा" किंवा "मुलगी" एवढंच. १९१८ च्या पावसाळ्यानंतरची पानं उघडलीत तर एकाच घरातली माणसं एकाखाली एक "ताप" म्हणून लिहिलेली दिसतात. इन्फ्लुएंझाची ती साथ. ही पानं वाचताना हात थांबतो. शाळेचं जनरल रजिस्टर हा दुसरा आधार, आणि लोकल बोर्डाची जुनी शाळा असेल तर ते बहुधा शाळेतच जपलेलं असतं. ओल लागून पानं चिकटलेली असतात, तेव्हा ती ओढून सोडवू नका.

गॅझेटियरमध्ये आपल्या माणसाचं नाव सापडेल असा एक गैरसमज सध्या पसरला आहे, तो दूर करायला हवा. सातारा गॅझेटियर हा मुंबई इलाख्याच्या मालिकेतला एकोणिसावा खंड, जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेला. जिल्ह्यातल्या जाती, त्यांची संख्या, चालीरीती, शेती, बाजार, गावं यांचं ते वर्णन आहे. एखाद्या गावातल्या एखाद्या माणसाचं नाव त्यात शोधायला जाऊ नये. त्यातले लोकसंख्येचे आकडे १८८१ च्या खानेसुमारीचे. व्यक्तीचा पुरावा रजिस्टरातच मिळतो, गॅझेटियर त्याला पार्श्वभूमी देतं.

आता तुमचे आजोबा. इथे गावापेक्षा अटक कुठे झाली ते महत्त्वाचं. बेचाळीसनंतर भूमिगतांनी चालवलेल्या प्रतिसरकारचा सगळा मुलूख खालसा आणि संस्थानी गावांच्या गुंतागुंतीतला. औंधमध्ये १९३९ पासून लोकांच्या हाती कारभार होता. सातारा जिल्ह्याच्या पोलिसाला संस्थानाच्या हद्दीत शिरताना वेगळी परवानगी लागे, आणि भूमिगतांनी या हद्दींचा पुरेपूर उपयोग केला. म्हणून कुंडलचा माणूस इस्लामपुरात धरला गेला असेल तर त्याचा खटला इंग्रजी कोर्टात, कैद इंग्रजी तुरुंगात आणि कागद मुंबई सरकारच्या दप्तरात. सांगलीच्या हद्दीत धरला गेला असेल तर सांगली संस्थानाचा तुरुंग; वसंतदादा २४ जुलै १९४३ ला ज्या तुरुंगातून साथीदारांसह निसटले तो हाच. घरात विचारा: पकडलं कुठे, खटला कोणत्या गावी चालला, सुटले कुठून. मग मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात गृह खात्याच्या विशेष शाखेच्या फायली मागा. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत हे पुराभिलेखागार आहे, १८२१ सालापासून चालत आलेलं. तिथे जिल्हा मॅजिस्ट्रेटांची गोपनीय पत्रं आणि फरारींच्या याद्या मिळतात. नावाची इंग्रजी स्पेलिंगं वाटेल तशी असतात, म्हणून गावाच्या आणि बापाच्या नावानेही शोधा. तुरुंगाचा दाखला वेगळा. तो त्या तुरुंगाच्या अधीक्षकांकडे मागायचा.

मोडीचं म्हणाल तर घाबरू नका. १९१० च्या पुढच्या नोंदवह्यांचे मथळे छापील बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, असतात, भरलेला मजकूर मोडीत. नावं आणि आकडे वाचायला सहा महिन्यांत जमतं, आणि पुराभिलेख खातं मोडीचे वर्गही घेतं. जास्त गोंधळ तारखांचा होतो. जुन्या कागदावर "सुरू सन तिसा अशर मयातैन व अलफ" असं लिहिलेलं दिसेल. हे अरबी आकड्यांत लिहिलेलं सुहूर साल. तिसा नऊ, अशर दहा, मयातैन दोनशे, अलफ हजार, मिळून १२१९. त्यात ५९९ मिळवा, म्हणजे १८१८. हे साल मृगाला सुरू होतं, तेव्हा जानेवारी ते मे यांतली तारीख असेल तर ६०० मिळवायचे. फसली साल असेल तर ५९० किंवा ५९१, शके असेल तर ७८ किंवा ७९. तारखेआधी "छ" दिसला तर ती चांद्र तारीख, पुढे मोहरम, सफर असा महिना येतो. मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्याल तेव्हा इसवी सनाची तारीखही शेजारी लिहून मागा आणि मूळ कागदाचा फोटो जोडून ठेवा. मूळ कागद प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करू नका. त्याने शाई आणि कागद दोन्ही जातात आणि पुन्हा काही करता येत नाही. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा.

सुरुवात कुठून करायची तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानंतर एकत्रीकरण योजना आली आणि सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. आज तुमच्या सातबारावर आहे तो गट नंबर. आधी एकत्रीकरणाच्या जबाब आणि योजना पत्रकाची नक्कल घ्या, त्यात कोणत्या सर्व्हे नंबरांचा कोणता गट झाला ते दिसतं. मग तहसीलच्या अभिलेख कक्षात जो अर्ज कराल त्यात गावाचं नाव, जुना तालुका, जुना सर्व्हे नंबर आणि साधारण कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतचे कागद हवेत ते लिहा. बऱ्याच तालुक्यांची जुनी पानं आता स्कॅन झाली आहेत, तिथेही शोध याच माहितीवर चालतो. गट नंबर टाकून अर्ज केलात तर योजनेच्या आधीची एकही नोंद त्यावर निघणार नाही, आणि तुमच्या हाती पुन्हा "आढळ होत नाही" असा शेरा येईल.